चिमणी आणि किल्लेदार

६ जानेवारी २०२५, सोमवार

सकाळी कडबा एक पेंढी. भिजवलेला हरभरा तोबराभर. पाणी दोन बादल्या. लीद चांगली.

मागच्या महिन्यात चिमणीचं पोट दुखलं तेव्हा जनावरांचे डॉक्टर म्हणाले, जालिंदर, घोडी काय खाते, किती पिते, रोज लिहीत जा. तेव्हापासून ही वही. पण आज वैरणीशिवाय दुसरंही लिहायला आहे.

दुपारी बीडहून प्रवीण नावाचा एक जण मोटारसायकलवर नेकनूरला आला. अख्ख्या गावात विचारत आला, नवरदेवाची पांढरी घोडी कुणाकडं आहे म्हणून. कपिलधारच्या अलीकडं डोंगरावर पिच्चरचं शूटिंग आहे. जुन्या काळातल्या एका किल्लेदाराची गोष्ट. त्याला पांढरीशुभ्र घोडी पाहिजे.

मी म्हणलं, "आमची घोडी लग्नातली हाय. लढाई तिला ठाव न्हाई."

तो म्हणाला, "काका, वरातीत काय कमी लढाया होतात व्हय?"

पौष चालू आहे. या महिन्यात कुणी लग्न काढत नाही, चिमणी नुसती उभी असते. मी हो म्हणालो. सरूबाईला मात्र पटलं नाही. "तिला सोळावं लागलंय. नवी जागा, नवी माणसं. कशाला?" दोन भाकरी भाजून काढल्या, मग म्हणाली, "जायचं तर मी बी येणार. माझ्याशिवाय ती तोंड लावायची न्हाई."

चिमणी माझ्या हातूनही खाते. पण बायकोला माळावर फिरायला यायचं असेल, तर मी कशाला मोडता घालू?

९ जानेवारी, गुरुवार

टेम्पोतून आलो. उतरताना चिमणीचा उजवा खांदा फळीला चांगला घासला. असं कधी करत नाही. नवी जागा बघून बावरली असेल. सरूबाईनं टेम्पोवाल्याला लई बोलून घेतलं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

डोंगरावर प्लायवूडचा दरवाजा उभा केलाय. लांबून बघितला तर दगडी किल्लाच. जवळ जाऊन टकटक केलं तर पोकळ वाजतो. आम्हाला एक तंबू दिला, शेजारी चिमणीला खुंटा.

डायरेक्टर बाई आहेत, विजयमाला मॅडम. चाळिशीच्या असतील. डोक्याला रुमाल, पायात पोलिसासारखे बूट. त्यांनी मला बसवून गोष्ट सांगितली. किल्लेदार रायाजीराव. शत्रूनं चार महिने किल्ल्याला वेढा घातलाय. आत धान्य संपलं, विहीर आटली. निम्मी माणसं म्हणतात दरवाजा उघडा, निम्मी म्हणतात मरू पण उघडू नका. सगळे त्याच्या तोंडाकडं बघतात, अन् त्याला स्वतःलाच काही सुचत नाही.

मी विचारलं, "खरंच झालतं का हे?"

"नाही हो, मीच रचलंय," मॅडम म्हणाल्या. "पण असं कुठं ना कुठं झालंच असणार."

शेवटी तो घोडीवर बसून एकटाच शत्रूवर उतारानं तुटून पडतो आणि मरतो. ते शूटिंग सगळ्यात शेवटी, एकवीस तारखेला.

१० जानेवारी, शुक्रवार

आज हसून हसून पोट दुखलं. माझी इज्जतही गेली.

दरवाजासमोर दोनशे माणसं भाले घेऊन उभी. किल्लेदाराला घोडीवर बसवलं. मॅडमनी खूण केली आणि बीडहून आणलेल्या ढोलवाल्यांनी रणवाद्य सुरू केलं. चिमणीला काय, ढोल म्हणजे वरात! तिनं मान वाकवली, पुढचा एक पाय उचलला, मग दुसरा, आणि लागली नाचायला. भालेवाले निम्मे आमच्याच भागातले. एकानं शिट्टी मारली. दुसरा ओरडला, "अबे, नवरी कुठंय?"

मॅडम हसल्या नाहीत. मग एकदम खाली मातीत बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

आता ढोल नंतर भरणार म्हणे. म्हणजे पिच्चरमध्ये जे वाजतं ते तिथं वाजतच नसतं. मला हे माहीत नव्हतं.

१२ जानेवारी, रविवार

किल्लेदाराचं काम करणारे शिवशंकर सर टीव्हीवर दिसतात. पन्नाशीचा, धिप्पाड माणूस. माझ्याशी चार दिवसांत चार शब्द बोलले नाहीत. मोठी माणसं, आपण काय म्हणावं. लई टापटीप आहेत. चिमणीला हात लावायच्या आधी दर वेळी तळवे अंगरख्याला पुसतात. देवभक्तही दिसतात. रिकिबीत पाय टाकला की डोळे मिटून काहीतरी पुटपुटतात, मगच वर चढतात. उतरल्यावर तंबूत जाऊन एकटेच बसतात. घमेंड असेल थोडी.

तोबराभर हरभरा, कडबा दीड पेंढी. सरूबाई दिवसभर चिमणीच्या बाजूला. शॉट सुरू झाला की तिला बाजूला व्हायला सांगावं लागतं, संपला की परत हजर.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. उजाडायच्या वेळी मी चिमणीला खरारा करत होतो, तर शिवशंकर सर आले. मेकअप नाही, अंगात स्वेटर. तिळगुळाचा एक लाडू मला दिला आणि गुळाचा खडा तळहातावर घेऊन उभे राहिले. हात थरथरत होता. मी म्हणलं, "थंडी लई हाय, सर."

"थंडी नाही, जालिंदरभाऊ. भीती." मग सांगायला लागले. सहा वर्षांमागं एका मालिकेत घोड्यावरून पडले. खांद्यात अजून सळई आहे. तेव्हापासून घोडा दिसला की तळहातांना घाम फुटतो. "हे काम मिळालं तेव्हा घोडी आहे हे लपवलं माझ्यापासून. नंतर कळलं, तोवर हो म्हणून बसलो होतो. एवढी माणसं माझ्यावर अवलंबून. सांगणार कुणाला?"

तर डोळे मिटून देवाचं नाव नव्हते घेत. मला माझीच लाज वाटली. मी त्यांचा हात धरून चिमणीच्या मानेवर ठेवला आणि म्हणलं, "नुसतं बोलत ऱ्हावा. काय बी बोला. तिला आवाज कळतो."

ते तिला म्हणाले, "नमस्कार." बस, तेवढंच सुचलं त्यांना.

मग त्यांनी विचारलं, घोडीचा धंदा कधीपासून? मी आमच्या बाचं सांगितलं. बाचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं हौसेनं घोडी मागितली. घोडीवाल्यानं गावाकडं बोट दाखवलं, म्हणाला, तुमच्या वस्तीतल्या नवरदेवाला बसवलं तर उद्या माझ्या घोडीवर दुसरं कुणी बसायचं न्हाई. बा चालत गेला. सात वर्षं मजुरी करून त्यानं स्वतः घोडी घेतली. पहिल्यांदा वस्तीतल्या पोरांच्या वराती काढल्या. मग हळूहळू गावातलेही यायला लागले, कारण तिच्याएवढी देखणी घोडी पंचक्रोशीत नव्हती. चिमणी ही तिच्या लेकीची लेक. आज पाटलाचा पोरगाही हिच्यावर बसतो आणि आमचाही.

जाताना सर चिमणीला परत म्हणाले, "येतो."

१६ जानेवारी, गुरुवार

हे लिहू नये असं वाटतं. पण वहीत खोटं लिहून काय करू?

आज दरवाजातून बाहेर यायचा शॉट होता. एक मशालवाला उजवीकडून पुढं आला. चिमणी एकदम उसळली, मागच्या पायांवर. सर आयाळीला लटकले म्हणून वाचले. सगळे धावले. मॅडम ओरडल्या, प्रवीण माझ्यावर ओरडला, "काका, घोडी सांभाळता येत नाही का?" दोनशे माणसांसमोर. माझं डोकं फिरलं. मी लगामाची वादी काढली आणि चिमणीच्या मानेवर दोन वेळा मारली.

आजवर मी तिच्यावर हात उचलला नव्हता. ती पळाली नाही. नुसती मान इकडून तिकडं फिरवत राहिली, काहीतरी शोधल्यासारखी.

सरूबाई रात्री जेवली नाही.

संध्याकाळी सर आले. मला वाटलं, मलाच धीर द्यायला आले. तर विचारतात, "जालिंदरभाऊ, ती उजवीकडूनच दचकते का?" मला राग आला. मी म्हणलं, "घोड्यातलं तुमाला काय कळतं?" ते गेले.

आम्ही बुद्धाला मानणारे, नजरबिजर मानत नाही. आज तिच्या पायात काळा दोरा बांधला.

१८ जानेवारी, शनिवार

पाणी दीड बादली. बादली उजवीकडं ठेवली की पाय लागून सांडते, डावीकडं ठेवली की निमूट पिते. हट्टीपणा वाढलाय. हरभरा पूर्ण खाल्ला. सरूबाईशी कामापुरतं बोलणं.

१९ जानेवारी, रविवार

मॅडमनी एकवीस तारखेचं समजावून सांगितलं. दरवाजा उघडणार, धूर सोडणार, दोन्ही बाजूंनी मशाली, मधून किल्लेदार घोडी भरधाव सोडणार, उतारानं खाली. मी हो हो म्हणत होतो. सरूबाई बाजूलाच उभी होती. मॅडम गेल्या तशी ती म्हणाली, "जरा इकडं या."

चिमणीच्या उजव्या बाजूला मला उभं केलं. तिच्या डोळ्यासमोर हात हलवला. एकदा, दोनदा. पापणी हलली नाही. मग बोट डोळ्याच्या अगदी जवळ नेलं. तरी नाही.

मी म्हणलं, "हे कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"मला कावून सांगितलं न्हाई?"

ती खाली बघत म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमी तिला त्याच दिवशी घरी बांधली असती. अन् तिच्यासंगं तुमी बी बसला असता. लग्नाला जायचं म्हणलं की तुमी कसे दिसता ते तुमाला ठाव न्हाई. फेटा बांधता, दाढी करता. बाकीचे दिवस तुमाला बोलवावं लागतं जेवायला."

मी खुंट्याजवळ खाली बसलो.

"म्हणून मी वरातीत यायला लागले," ती म्हणाली. "उजवीकडून चालायचं, मानेवर हात ठेवायचा. मी असले की तिला कळतं, इकडं भिंत न्हाई, बाई हाय. वाटलं, अजून एक-दोन हंगाम निघतील. चुकलं माझं. त्या दिवशी तुमी मारलं तेव्हाच सांगायला पायजे होतं. जीभ उचलली न्हाई."

दोन वर्षं मी तिला चिडवत होतो, म्हातारपणी लग्नं बघायची हौस आली म्हणून. चार माणसांत चिडवलं. ती हसायची.

आणि मी मारलं तेही उजवीकडूनच. चिमणीला कळलंही नसेल, कुठून आलं ते. म्हणून मान फिरवत होती.

काळा दोरा तोडून टाकला.

२० जानेवारी, सोमवार

सकाळीच डॉक्टरना फोन केला. भले माणूस, नेकनूरहून आले. बॅटरी मारून बघितलं. डोळा आतून गेलाय, वरून दिसत नाही, त्यामुळं पोट दुखलं त्या वेळी माझ्याही लक्षात आलं नाही, म्हणाले. डावा चांगला आहे. सावकाश चालवा, पळवू नका. उतारावर पळवणं तर नकोच.

मग मॅडमकडं गेलो. टेबलाभोवती दहा-बारा माणसं बसली होती. मी उभ्यानंच सांगितलं.

प्रवीण म्हणाला, "काका, आतापर्यंत सगळं शूटिंग हिच्यावर झालंय. आता दुसरी घोडी कुठून आणू? उद्या सरांची शेवटची तारीख. परवा हा दरवाजा पाडायचाय." मग हळू आवाजात, "डावा डोळा नीट आहे ना? एकदाच पळवायचीय. पंधरा सेकंद."

बाकीचे माझ्याकडं बघत होते. कुणी वाईट नव्हतं. प्रत्येकाच्या तोंडावर एकच, हो म्हण बाबा. मनात आलं, पंधरा सेकंदच तर आहेत. दोन वर्षं काही झालं नाही, उद्याही होणार नाही. खरं लिहितो, हे माझ्या मनात आलं.

मी म्हणलं, "न्हाई."

प्रवीणनं परत काहीतरी सुरू केलं. मी परत म्हणलं, "न्हाई, साहेब. मला काय बोलायचं ते बोला. लोकांत बोला. पण घोडी पळणार न्हाई." आवाज फाटला माझा. वरातीत एवढा ओरडतो, पण असा आवाज कधी निघाला नव्हता.

मॅडम उठल्या आणि तंबूत निघून गेल्या. एवढ्या माणसांची मेहनत माझ्यामुळं बुडाली.

तेव्हा शिवशंकर सर म्हणाले, "मीही बसणार नाही. मला घोडीवरून पळायची भीती वाटते, हे सगळ्यांना सांगून टाकतो. पण त्यासाठी नाही म्हणत नाही मी. हिला पळवायचं नाही, एवढंच."

अर्ध्या तासानं मॅडम हातात कागद घेऊन बाहेर आल्या. मला म्हणाल्या, "हा शेवट मी तीनदा लिहिलाय. तिन्ही वेळा तो घोडीवर बसून मरतो, आणि तिन्ही वेळा मला खोटं वाटतं. जालिंदरभाऊ, तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं?"

मी म्हणलं, "मॅडम, मला पिच्चरमधलं कळत न्हाई. घोड्यातलं बी कमीच कळतं, हे कालच समजलं. पण तुमी म्हणता किल्ल्यात चार महिने दाणा न्हाई. म्हणजे माणसांआधी घोडीचा दाणा बंद झाला असणार. असल्या घोडीवर माणूस बसत न्हाई. तिच्यासंगं चालत जातो."

मॅडम कागद उलटा करून मागच्या बाजूला लिहायला बसल्या. दोन तास जागच्या उठल्या नाहीत. त्या लिहीत होत्या तोवर सरूबाईनं सरांना बोलावलं आणि चिमणीच्या उजवीकडून कसं चालायचं, हात कुठं ठेवायचा, ते शिकवलं. सर पोरासारखं ऐकत होते.

२१ जानेवारी, मंगळवार

ऊन वर यायच्या आत शूटिंग झालं.

आता शेवट असा. किल्लेदार शत्रूला निरोप धाडतो, माझ्या माणसांना सुखरूप जाऊ द्या, मी एकटा खाली येतो. माणसं तटावर उभी राहून बघतात. त्याला शिव्या देणारे आणि त्याच्यासाठी रडणारे, सगळे.

दरवाजा उघडला. मशाली नाहीत, धूर नाही. सर चिमणीच्या उजवीकडून चालत बाहेर आले. डोक्यावर पगडी नाही, कमरेला तलवार नाही, हात तिच्या मानेवर. चिमणी एकेक पाय सावकाश टाकत होती. सर तिच्याशी काहीतरी बोलत होते. मॅडमनी बोलणं लिहिलेलं नव्हतं. मला ऐकू येत नव्हतं. तटावरच्या बायका आमच्या भागातल्या, रोज गप्पा मारत उन्हात बसायच्या. आज एकीनं पदर तोंडाला लावला, मग दुसरीनं. त्यांना कुणी रडायला सांगितलं नव्हतं.

निम्म्या उतारावर चिमणी थांबली. मला वाटलं, झालं, बिघडलं. सरही थांबले. त्यांनी तिला ओढलं नाही. नुसते उभे राहिले, तिच्या मानेला कपाळ टेकवून. वारा होता, तिची आयाळ त्यांच्या तोंडावर येत होती. मग तिनंच पाऊल उचललं आणि दोघं खाली गेले.

मॅडम "कट" म्हणायचं विसरल्या. सर खालच्या बाभळीपर्यंत चालत गेले, तेव्हा प्रवीणनं हाक मारून बोलावलं.

मी नंतर सरांना विचारलं, "काय बोलत होता तिच्याशी?"

म्हणाले, "सांगत होतो तिला, मला लई भीती वाटतेय." आमच्यासारखं 'लई' म्हणाले.

प्रवीण आला. माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "काका, त्या दिवशी जास्त बोललो." मी म्हणलं, जाऊ दे रे.

२४ जानेवारी, शुक्रवार

घरी. फाल्गुनातल्या तीन वराती घेतल्या होत्या, त्या तिघांना फोन केले. दोघांनी समजून घेतलं. दिंद्रुडचे सुंदरराव मात्र आग्रह धरून बसले. त्यांच्या थोरल्या दोन्ही लेकांच्या वराती चिमणीवर निघालेल्या, आता धाकट्याचं लग्न. म्हणाले, "चालत नेऊ, ढोल लावत न्हाई, पण चिमणीच पायजे." मी म्हणलं, मांडवात आणून उभी करतो, नवरदेवानं पाया पडावं. वर कुणी बसायचं नाही. ते तयार झाले.

फोन ठेवल्यावर मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. उद्यापासून दाढी कशासाठी करायची, हा विचार आला. सरूबाईला न सांगताच कळलं. म्हणाली, "रोज सकाळी तिला माळावर फिरवायचंय. एकटीला जमणार न्हाई मला."

६ ऑगस्ट, बुधवार

लई दिवसांनी वही उघडली. चिमणी बरी आहे. रोज माळावर जातो, तिघं.

आज प्रवीणचा फोन आला. पिच्चर तयार होत आलाय. शेवटी सगळ्यांची नावं येतात, त्यात आमचंही टाकायचंय. "काका, घोडीचं नाव चिमणी, ते माहितीय. मालक म्हणून तुमचं पूर्ण नाव सांगा."

मी तोंड उघडलं आणि थांबलो. समोर अंगणात सरूबाई चिमणीच्या अंगावरची माती झाडत होती. तिला माहीत नव्हतं, कुणाचा फोन आहे ते.

मी म्हणलं, "मालक नको लिहू. लिही, घोडीचा सांभाळ. अन् पुढं लिही, सरूबाई जालिंदर ओव्हाळ."

"आणि तुमचं?"

"एवढंच लिही."

फोन झाल्यावर तिला जाऊन सांगितलं. ती हात थांबवून माझ्याकडं बघायला लागली.

"माझं कावून दिलं?"

मी म्हणलं, "दिलं. तूच सांभाळलं म्हणून."

तिनं पदरानं हात पुसले. मनातल्या मनात नाव म्हणून बघितलं असावं, ओठ हलले जरासे.

"मधी जालिंदर हाय ना?"

"हाय."

"मग असू द्या," ती म्हणाली.